मराठीत बोलावलं तर येणार नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोर वळणं. बाजेचा दोर पार गेला होता. मी आडवा झालो की कंबर जमिनीला टेकायची. अंबाडीचा वाख घरचाच होता, नाल्यात कुजवून, सोलून, वाळवून ठेवलेला. पौषातलं ऊन, आंगणात चिंचेची सावली. ती वाख घेऊन बसली आणि मी फिरकी धरली. दोर एकट्यानं वळता येत नाही. एकानं वाख सोडत जायचा, दुसऱ्यानं पीळ देत मागं मागं जायचं. मी मागं जात गोठ्यापर्यंत पोचलो तशी ती ओरडली, "थांब! बैलाच्या मांडीवर बसशील."

मी थांबलो. तिनं दोर बोटात धरून पाहिला.

"हा बाजेचा दोर आहे की बैलाचा? इतका जाड?"

"तू वाख जास्त सोडला."

"मी बरोबर सोडला. तुझा पीळ ढिला. तू तरुणपणीही ढिलाच होतास."

असं बोलली आणि स्वतःच हसत सुटली. मीही हसलो. मुलगा कामावर गेलेला, सून घरात होती, तिलाही हसू आलेलं मी ऐकलं.

हे सगळं आम्ही गोंडीत बोलत होतो. मला गोंडी लिहिता येत नाही. शाळेत मी थोडे दिवस गेलो, त्यात अक्षरं मिळाली ती मराठीची. गोंडीची अक्षरं मला कोणी दाखवली नाहीत, असतील तर कुठं आहेत मला ठाऊक नाही. म्हणून तिचं बोलणं मी इथं मराठीत लिहितो, आणि लिहिलं की वाटतं, हे तिचं नाहीच. तिचा आवाज यात नाही. पण दुसरा इलाज नाही.

एक गोष्ट मात्र मराठीतही कळेल. चारचौघांत मराठी बोलताना ती मला तुमी म्हणायची. गावातल्या बाया नवऱ्याला म्हणतात तशीच. गोंडीत ती मला तू म्हणायची. आता मला तू म्हणणारं कोणी उरलं नाही.

दोर वळून झाला. तिनं पाणी पिलं, जरा पडते म्हणाली आणि घरापुढच्या सपरीत पदर तोंडावर घेऊन पडली. मी दोर गुंडाळून खुंटीला टांगला आणि ढोरं पाण्यावर नेली. परत आलो तर सून सपरीत बसून तिचे पाय चोळत होती. पाय थंड झाले होते. माणसं अशी जातात हे मला माहीत होतं. ती अशी जाईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं, मीच आधी जाईन आणि ती मागं शिव्या देत राहील.

दिवस मावळायच्या आत तिला माती दिली. मग मी आंगणात बसलो. पोटात दुःख होतंच, पण त्याच्यावर एक दुसराच घोर येऊन बसला होता. उद्या सकाळी हिला हाक कोण मारणार?

हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर कोणाला कळायचं नाही.

आमच्या घरची रीत अशी. माणसाला माती दिली की दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या सुनेनं आंगणाच्या कडेला बसायचं, जिकडून तिरडी नेली तिकडं तोंड करून. पुढं एक गाडगं पाण्याचं, एक वाटी आंबिलीची. आणि मेलेल्याला हाक मारायची. नुसतं ये म्हणून भागत नाही. मेलेलं माणूस घर विसरतं. ते नव्या नवरीसारखं असतं, त्याला घर पुन्हा दाखवावं लागतं. हे तुझं दार. चौकट ठेंगणी आहे, डोकं वाकव. ही तुझी चूल. हे पाण्याचं ठिकाण. घरात अमके अमके आहेत, अमकी कोंबडी खुडूक बसली आहे, अमक्या गाईला वासरू झालं. मग म्हणायचं, बस, पाणी पी. नवरी घरात येते तेव्हा सासू तिला असंच घर दाखवते. सासू मेली की सून तिला दाखवते. हे बायांचं काम. पुरुषानं हाक मारली तर मेलेला माणूस येतो, पण उंबऱ्यावरच उभा राहतो, आत येत नाही, अशी आमची समज.

आणि हाक गोंडीत. मेलेल्याला दुसरी भाषा कळत नाही.

माझी माय मेली तेव्हा माझ्या बायकोनं हाक मारली. मी गोठ्याच्या दारात उभा होतो. इतकी साफ गोंडी की जणू कोणी विहिरीतून पाणी शेंदून ओततं आहे. माझ्या मायशी ती जन्मभर भांडली होती. पण त्या सकाळी तिनं मायला चुलीपासून माठापर्यंत असं हाताला धरून फिरवलं की मलाच वाटलं, आपणही हे घर पहिल्यांदाच पाहतो आहोत.

ती वर्धा नदीच्या पलीकडची, रानातल्या गावची. "आमच्याकडं कोंबडाही गोंडीत आरवतो," म्हणायची. आमचं गाव समुद्रपूरच्या पुढं, कापसाच्या काळ्या रानात. गावाच्या कडेला नाल्यालगत आमची मूठभर घरं, त्याला गाव गोंडपुरा म्हणायचं. मी लहानपणापासून दुसऱ्यांच्या वावरात कामाला. दिवसभर मराठी, घरी माय बोलेल तेवढी गोंडी. लग्न होऊन ही आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "तुझ्या गोंडीत खडे फार. तांदूळ कमी." आणि मग जन्मभर ती माझे खडे वेचत राहिली. माझ्या तोंडची गोंडी माझ्या मायची नाही, माझ्या बायकोची आहे.

मराठी तिला बाजारापुरती येत होती. बाजारात भाजीवाली भाव सांगे, ही मराठीत घासाघीस करी आणि शेवटी गोंडीत एक शिवी देऊन पुढं जाई. भाजीवाली विचारे, "काय म्हनलं वो?" ही म्हणे, "आशीर्वाद दिला, बाई."

पुऱ्यातली गोंडी आमच्या डोळ्यांदेखत आटत गेली. कोणी बंद करा म्हणून दवंडी पिटली नाही. आधी पोरांनी सोडली, मग पोरांसाठी मायांनी सोडली. मग म्हाताऱ्या एकट्या पडल्या, त्या कोणाशी बोलणार? कचेरीत आधी हिंदी चालायची, मग आमचा मुलूख मुंबईकडं गेला आणि मराठी चालू लागली. गोंडी कुठल्याच कचेरीत कधी नव्हती. त्याच सुमाराला गावाच्या दुसऱ्या कडेच्या वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला. सांजच्याला तिथून वंदना ऐकू यायची. म्हातारे-कोतारे कधी न ऐकलेले शब्द शिकत होते, चुकत होते, पुन्हा म्हणत होते, आणि आवाजात काय जोर! माझी बायको भाकरी थापता थापता थांबून ऐकायची. एकदा म्हणाली, "बघ, त्यांनी नवीन उचललं. आपल्याला आपलं जुनं उचलवत नाही."

शेजारच्या घरची म्हातारी मेली, तिला तिच्या सुनेनं मराठीत हाक मारली. माझी बायको तिथून पाय आपटत घरी आली. मुलगा-सून जेवत बसले होते. त्यांना कळावं म्हणून मुद्दाम मराठीत बोलली.

"त्या म्हातारीले मराठी कुठं येत होती? बिचारी उभी असन वाटेवर, कोन कोनाले बोलावून राह्यलं मनत. आयकून ठेवा. मले मराठीत बोलावसान तं मी येनार नाई. तिकडंच बसीन दगडावर."

मुलगा हसला. "माय, तू तं मेल्यावरही रुसशीन."

"रुसीन. जित्तेपनी कोन रुसू देते मले?"

सगळे हसले. पण मी तिचं तोंड पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

मुलगा माझा वाईट नाही. तो तालुक्याच्या कचेरीत चपराशी लागला, सायकलीनं जायचा यायचा. पुऱ्यातला पहिला पगारदार. नात बोलायला लागली तेव्हा तो एकदा मायला म्हणाला, "माय, पोरीसमोर तरी गोंडी बोलू नको."

"काऊन? पोरीचे कान जळतात?"

"उद्या शाळेत गेली का पोट्टे हसतीन तिले. मले हसले ना."

"हसू दे. कोनी हसल्यानं आंगावरचं मांस कमी होते का?"

"तुले काय होते बोलाले! तिथं कोनी मले नावानं नाई बोलावत. ए गोंडा, पानी आन. ए गोंडा, फायली आन."

ती म्हणाली, "मंग हाव, हाय मी गोंड, मन ना. खोटं थोडंच बोलतात?"

मुलगा ताटावरून उठून गेला. त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर गोंडी बोलली नाही. मुलापुढं तिनं हार खाल्लेली मी तेवढीच पाहिली. आमची गोंडी मग वावरात गेली. निंदताना, कापूस वेचताना, तुरीच्या ओळीत. घरी आलो की ती तुमी म्हणायची, आणि मला वाटायचं पाहुण्याच्या घरी आलो.

सून नाचणगावची. तिचा बाप पुलगावच्या गिरणीत कामाला. आमच्याच जातीचे, पण त्यांच्या घरातून गोंडी दोन पिढ्यांमागंच गेलेली. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं तिला रीतीप्रमाणं गोंडीत घर दाखवलं. ती मान हलवत मागं मागं फिरली. सगळं झाल्यावर म्हणाली, "आत्याबाई, बोलनं नाई समजलं. चूल तेवढी समजली."

बायकोनं कपाळाला हात लावला. मग मला वावरात म्हणाली, "पोरगी खरं बोलते. चालेल."

आता दुसरी रीत सांगतो. आमच्यात सासरा सुनेशी बोलत नाही. सून सासऱ्याशी बोलत नाही, त्याचं नाव घेत नाही, त्याच्या बाजेवर बसत नाही. काही पाहिजे असलं तर भिंतीला सांगायचं. मी भिंतीकडं पाहून म्हणायचो, "पानी हाय का घरात?" आणि ती मडक्याला सांगायची, "आनतो मनावं." आमच्या घरची भिंत फार शहाणी झाली होती. नाहीतर मग बायको मधे. "तुह्या सासऱ्याले मनावं जेवाले या." मी समोरच बसलेला. "सुनेले मनावं आलो." तीही समोरच. मुलगा म्हणायचा, तुमच्यात एक तारघर उघडा.

सून गोंडीकडं वळली ती कोणाच्या सांगण्यावरून नाही. आम्ही सगळे कापूस वेचत होतो. मी एका ओळीत, त्या दोघी पलीकडच्या ओळीत. सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी मामाजीसंग वावरात बोलता तवा कित्ती हसता. घरी हसत नाई. काय बोलता असं?"

"ते मराठीत सांगतलं तं हसू येत नाई."

"सांगा तं खरं."

बायकोनं सांगितलं. सुनेला हसू आलं नाही.

"पाह्य, मनलं होतं ना."

थोडं पुढं गेल्यावर सून म्हणाली, "मंग मले शिकवा. मले हसाचं हाय."

मी कापसाच्या झाडात तोंड घालून वेचत राहिलो. मला रडू येतं की काय असं झालं होतं आणि सुनेसमोर रडणं हे बोलण्यापेक्षा वाईट.

तिथून त्यांचं सुरू झालं. नवरा कचेरीत गेला की जात्यावर, चुलीपुढं, नाल्यावर. पाण्याला येर. घराला रोन. कोंबडीला कोर. आंबिलीला जावा. सून कोंबड्यांवर सराव करायची, दिवसभर त्यांच्याशीच बोलायची. शेवटी आमच्या कोंबड्या मराठीत हाकलल्या तर हलेनात. शेजारीण म्हणाली, "तुमच्या कोंबड्याइले मस्ती आली." नात मायच्या मागं मागं फिरायची. तिला कोणी शिकवलं नाही, पण आजीनं येर म्हटलं की ती गाडगं घेऊन यायची. बाप घरी आला की पाणी म्हणायची. एवढ्याशा पोरीला कुठं काय म्हणायचं ते बरोबर कळत होतं.

सुनेला किती येतं ते मला कळलं एका बैलामुळं. बायको बाजाराला गेली होती. सून मागच्या आंगणात मिरच्या वाळत घालत होती, बाजूला दोरीवर तिचं लग्नातलं लुगडं. बैलानं दावं तोडलं आणि तो थेट तिच्या मागून चालला. तिचं लक्ष नव्हतं. आता मी ओरडू कसा? सुनेला हाक मारता येत नाही, भिंत लांब. मी बैलालाच ओरडलो. बैल मोठा, आडदांड. घाईत तोंडातून गोंडीच निघाली. "अरे ए, लुगड्यावरून जाऊ नको! तिच्या पाठीमागून जाऊ नको! डावीकडं हो!"

बैलाला काही कळलं नाही. सून मात्र उठली, मागं न पाहता उजवीकडं सरली, लुगडं ओढून घेतलं आणि बैल मिरच्यांवरून निघून गेला.

मी दावं घेऊन धावलो. ती लुगडं छातीशी धरून भिंतीकडं तोंड करून उभी. आणि भिंतीला गोंडीत म्हणाली, "बैलाला म्हणावं, मिरच्या तिखट आहेत. आता नाचेल."

खडे होते तिच्या गोंडीत. खूप होते. पण थट्टा बरोबर होती.

बायको बाजारातून आली तेव्हा मी तिला नाल्यापर्यंत सामोरा गेलो आणि हे सांगितलं. तिनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि वाटेतच बसली. "पुन्हा सांग," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. घरी पोचेपर्यंत तिनं माझ्याकडून ते किती वेळा सांगून घेतलं याला हिशेब नाही. शेवटी म्हणाली, "आता मी मेले तरी दगडावर बसावं लागत नाही."

पण हाक काही त्यांच्या शिकण्यात आली नाही. एकदा सुनेनं स्वतःच विषय काढला. मी सपरीत पडलो होतो, त्या आत दाणे निवडत होत्या.

"आत्याबाई, हाक शिकवा ना."

"कोनाची?"

सून दाणे खालीवर करू लागली.

"माही हाक मीच शिकवू? यमाले जेवाचं आवतन देल्यासारखं होते ते. जित्त्या घरात हाक मनत नाई. आयकून येते ते. कोनी मेलं का आयकजो."

"पुऱ्यात तं सारे मराठीत बोलावतात."

"मंग नदीपल्याड कोनी मरू दे. माह्या माहेरी नेईन तुले."

दोघी हसल्या. कोणाच्या तरी मरणाची अशी वाट पाहणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. पुढं तिच्या माहेरी तिची वहिनी गेलीही. पण मधे नदी भरलेली, निरोप आला तो सगळं उरकल्यावर. ती माहेरासाठी रडली आणि रडता रडता म्हणाली, "तेही हुकलं."

त्याच्यानंतर आला तो हा पौष.

सकाळ झाली. नाल्यावर धुकं होतं. पुऱ्यातल्या बाया येऊन आंगणात बसल्या. सुनेनं अंघोळ केली, ओल्या केसांनी गाडगं भरलं, वाटीत आंबील घेतली आणि आंगणाच्या कडेला जाऊन बसली. तोंड वाटेकडं. मुलगा दाराशी पोरीला कडेवर घेऊन उभा. मी गोठ्याच्या दारात, मायच्या वेळी उभा होतो तिथंच.

सून म्हणाली, "वरा." म्हणजे ये. आवाज साफ होता. मग थांबली. पुन्हा म्हणाली, "वरा, आत्याबाई." मग थांबली ती थांबलीच. तिच्या मानेवरून पाणी ओघळत होतं. कोंबडीला बोलवायला, आंबील वाढायला, सासूची थट्टा करायला लागते तेवढी गोंडी तिच्याजवळ होती. मेलेल्या माणसाला घर कसं दाखवायचं, आधी काय, नंतर काय, हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. जिच्याकडून ऐकायचं तीच वाटेवर उभी होती.

शेजारची वहिनी, पुऱ्यातली सगळ्यात जुनी बाई, म्हणाली, "मराठीत मन वो, पोरी. समजते तिले. इतके साल राह्यली इथं."

सुनेनं मान हलवली. "नाई."

मुलगा दारातून म्हणाला, "मन ना मराठीत. कोन रागावते आता?"

"त्या येनार नाई," सून म्हणाली. "त्यायनं माह्यासमोर मनलं होतं. तुमीही होते."

मुलानं पोरीचं तोंड खांद्याशी दाबलं.

बाया कुजबुजू लागल्या. धुकं उतरत होतं, ऊन वर चढू लागलं होतं. ऊन डोक्यावर आलं की हाकेची वेळ गेली. सुनेनं तिसऱ्यांदा वरा म्हटलं आणि या वेळी आवाज फाटला.

मी आजवर सुनेकडं तोंड करून एक शब्द बोललो नव्हतो. हाक मी मारू शकत नव्हतो, मी मारली तर ती उंबऱ्यावर उभी राहणार. सुनेला सांगूही शकत नव्हतो. आसपास भिंत होती, बैल होता. पण त्या सकाळी बैलाला सांगत बसायला मला लाज वाटली. मी आंगण ओलांडून गेलो आणि सुनेच्या बाजूला जमिनीवर बसलो. तिनं दचकून पदर ओढला.

वहिनी ओरडली, "अवो, हे काय? सासरा सुनेपाशी बसून राह्यला! हाक बुडाली तं बुडाली, तुमी रीतही बुडवता का?"

मी म्हटलं, "वहिनी, दोन्ही वाचवाले माह्यापाशी मानूस नाई."

मग मी सुनेकडं पाहिलं आणि गोंडीत म्हणालो, "मी हळू सांगतो. तू मोठ्यानं म्हण. हाक तुझीच."

ती खाली पाहत राहिली. मग मान डोलावली.

मी सांगितलं, हे तुझं दार. ती म्हणाली, हे तुझं दार. चौकट ठेंगणी आहे, डोकं वाकव. तिनं म्हटलं. ही तुझी चूल. हे तुझं पाणी. माझ्या मायच्या वेळी ऐकलेलं मला सगळं आठवत नव्हतं. मधे मधे तुटत होतं. तुटलं तिथं मी थांबायचो आणि सून आपलं काहीतरी जोडायची. पिवळी कोंबडी अंड्यावर बसली आहे. तुझं लुगडं मी धुवून ठेवलं. मिरच्या यंदा चांगल्या झाल्या. हे शब्द मी दिले नव्हते, ते त्यांच्या जात्यावरचे होते. वहिनी तोंडाला पदर लावून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

मग घरातली माणसं सांगायची वेळ आली. सून म्हणाली, तुझा मुलगा दाराशी आहे. तुझी नात त्याच्या कडेवर आहे. आणि अडली. सासऱ्याविषयी सुनेनं कसं बोलावं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं.

मी म्हणालो, "म्हण, तो इथं बसला आहे."

ती वाटेकडं तोंड करून म्हणाली, "तो इथं बसला आहे. तू ये."

मी बसल्या जागीच थोडा सरकलो आणि बाजूला एका माणसापुरती जागा केली.